खुडूक

अंडी उकडायला ठेवली आणि पाण्याला चहाचा रंग आला. 'गावरान' म्हणून दुप्पट पैसे देऊन आणलेली सहा अंडी होती. बोटाने चोळलं तर तपकिरी थराखालून पांढरंशुभ्र कवच निघालं. मी फोटो काढून आत्याला पाठवला. तिचा लगेच फोन आला आणि बराच वेळ ती नुसती हसत होती.

आत्या बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून दोन गल्ल्या अलीकडे एका बैठ्या चाळीत राहायची. लग्न होऊन कणकवलीकडून मुंबईत आली, त्याच्या पुढच्याच वर्षी माहेराहून दोन तलंगा आणि एक कोंबडा घेऊन आली. डालगं एसटीच्या टपावर. तेव्हापासून तिच्या मोरीमागच्या खुराड्यात त्याच कोंबड्यांची वीण चालू होती. तिने विकतचं पिल्लू कधी आणलं नाही. दोन-तीन वर्षांनी पार्कातल्या पाड्यावरच्या एका ओळखीच्या बाईशी फक्त कोंबडा बदलून घ्यायची. असं का करायचं हे तिला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

तिच्या पाच कोंबड्यांची अंडी पाच रंगांची असायची. एकीचं जवळजवळ पांढरं, एकीचं दुधाळ, दोघींची फिक्या चहासारखी आणि एकीचं चक्क गुलाबी झाक असलेलं. मला त्यांचं वेड लागलं, त्याचं कारण मात्र मोबाइलवर आलेले व्हिडिओ. परदेशातल्या कुठल्याशा बर्फाळ गावात एक बाई सकाळी टोपलीभर निळी, हिरवी, चॉकलेटी अंडी गोळा करते. मीही आत्याच्या अंड्यांचे फोटो खिडकीतल्या उजेडात काढायला लागले. गुलाबी अंडी देणारीची पिल्लं जास्त काढूया असा प्रस्ताव मी मांडला, तेव्हा आत्या म्हणाली, "रंग बघून काय करूचा हा? कोंबी बसता काय, ता बघ."

तेव्हा मला ते नीट कळलं नाही. मी वाचत सुटले. तपकिरी रंग म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन, रक्तातल्या हीमच्या आधीची पायरी. अंडं बाहेर पडण्याच्या शेवटच्या काही तासांत तो कवचावर वरून चढतो, म्हणून फोडलेल्या तपकिरी अंड्याचं कवच आतून फिकट दिसतं. निळा रंग पित्तातल्या बिलिव्हर्डिनचा. तो कवचात आरपार मुरतो. आणि हा निळा रंग आला कुठून, तर एका विषाणूकडून! दक्षिण अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या निळ्या अंड्यांच्या जातींमध्ये फार पूर्वी एका रेट्रोव्हायरसचा तुकडा डीएनएत शिरून बसला, हे २०१३ साली सिद्ध झालं. दोन्हीकडे वेगवेगळा शिरला. चव आणि पोषण यांचा कवचाच्या रंगाशी संबंध नाही, ते कोंबडी काय खाते यावर ठरतं. म्हणजे मी दुप्पट पैसे चहापत्तीला दिले होते.

याहून गमतीची गोष्ट तुऱ्याची. निळ्या अंड्याचं जनुक आणि बसक्या, मटारासारख्या तुऱ्याचं जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी आहेत, त्यामुळे ते बहुतेक वेळा जोडीने पुढच्या पिढीत जातात. बर्फाच्या देशात हे सोयीचं. तुरा लहान असला की थंडीने झडत नाही. बोरिवलीत उलटं. इथे मे महिन्यात कोंबडी चोच उघडी ठेवून धापा टाकते, तिला घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायला मोठा लाल तुराच उपयोगी पडतो. व्हिडिओतल्या बाईची कोंबडी काटक असते म्हणजे हिवाळा काढते. आत्याची काटक म्हणजे मे काढते, मग जूनमध्ये खुराड्यात शिरलेलं पाणी, मग मुंगूस, मग मानमोडीची साथ. (लासोटाचे थेंब मी पिल्लांच्या डोळ्यांत घालायला लागले, ती माझी एकमेव खरी भर.) पाचातली सर्वांत काटक होती बोडकी. तिच्या मानेवर पिसं नव्हती, फक्त गळ्यापाशी छोटासा झुपका. हेही एका जनुकाचं काम. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संस्थेने अशाच उघड्या मानेच्या देशी कोंबड्यांवरून उष्ण हवेसाठी 'हितकारी' नावाची संकरित जात तयार केली आहे. आत्याकडे ती फुकट होती आणि दिसायला भयंकर होती. माझ्या एकाही फोटोत ती नाही.

महाराष्ट्राच्या नावाशी जोडलेली नोंदणीकृत देशी कोंबडी म्हणजे बुसरा, नंदुरबार-धुळ्याची आणि सीमेपलीकडच्या गुजरातची. तिचं नाव मी तोवर ऐकलं नव्हतं. नवापूरचं ऐकलं होतं, ते फेब्रुवारी २००६ मुळे. देशातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या पोल्ट्रीत सापडला आणि लाखो पक्षी मारले गेले. बुसराचा मुलूख तोच. कडकनाथ मात्र सगळ्यांना माहीत. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१९ मध्ये इस्लामपूरच्या एका कंपनीच्या कडकनाथ योजनेत राज्यभरच्या शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. तिथेही विकला गेला तो रंगच. आणि कडकनाथची अंडी काळी नसतात, फिकट बदामी असतात.

एवढं सगळं वाचून झालं आणि चाळीच्या पुनर्विकासाचा करार झाला. आत्याला दोन वर्षांचं भाडं आणि पुढे अकराव्या मजल्यावर घर मिळणार होतं. कोंबड्यांबद्दल करारात अर्थातच काही नव्हतं. मी ठरवलं, वीण वाचवायची. थर्माकोलचा खोका, बल्ब, पंखा, तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर. प्रोग्रॅम एका रात्रीत लिहिला. तापमान ३७.५ अंशांवर असं स्थिर राहिलं की मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्याचा आलेख उघडून बघत बसायचे. आत पाण्याची वाटी ठेवली होती, कारण व्हिडिओत ठेवतात. तो जुलै महिना होता. आर्द्रता ७० च्या वर गेली, ती मी सेन्सरची चूक समजले. अंड्यातलं पाणी उबवताना थोडं उडून जावं लागतं, म्हणजे आत हवेची पोकळी वाढते आणि पिल्लाला पहिला श्वास घेता येतो. बारापैकी तीन पिल्लं निघाली, त्यातल्या एकाचे पाय फाकलेले. बाकीची कवचातच पूर्ण वाढून मेली. ती अंडी मी फोडून बघितली. बघायला नको होती.

आत्या ओरडली नाही. तिने बोडकीकडे बोट दाखवलं. बोडकी चार दिवसांपासून खुडूक होती. अंगावरची पिसं फुगवून कोपऱ्यात बसायची, हात लावला की टोचायची.

तेव्हा तिचं वाक्य मला कळलं. आपण रोज खातो ती पांढरी अंडी देणारी लेयर वर्षाला ३०० च्या वर अंडी घालते, कारण तिच्यातून खुडूक होणं पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढून टाकलंय. खुडूक झालेली कोंबडी अंडी देत नाही, धंद्याच्या हिशेबात ती रजेवर असते. आत्याची कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी द्यायची, पण तिला ना वीज लागायची, ना मी. माझ्या खोक्यात चार-पाच पिढ्या काढल्या असत्या, तर न बसणारीची पिल्लंही बसणारीच्या बरोबरीने जगली असती. रंग राहिला असता, बोडकी मान राहिली असती, आणि बसणं कधी गेलं ते माझ्या आलेखात दिसलं नसतं.

घर रिकामं करायला सोळा दिवस उरले होते. आत्याने बोडकीखाली अकरा अंडी ठेवली. पाचही जणींची होती, मी रंग निवडले नाहीत. रवण एकवीस दिवसांचं. बिल्डरचा माणूस चावी मागायला आला तेव्हा तिने त्याला आत नेऊन बोडकी दाखवली आणि पाच दिवस वाढवून घेतले. तो पोरगा सातारकडचा होता, त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

आठ निघाली. वसईला माझ्या मैत्रिणीच्या सासरी वाडी आहे. बोडकी, पिल्लं आणि उरलेल्या चौघी टेम्पोने तिकडे गेल्या. गावी का पाठवत नाहीस, असं मी आत्याला विचारलं होतं. गावी आता सगळ्यांकडे गिरीराज आणि वनराज, मिसळून जातील, म्हणाली. कोंबडा वसईच्या लोकांना नको होता, त्यांच्याकडे दोन होते. चाळीतल्या शेवटच्या रविवारी आत्याने त्याचे वडे-सागोती केले. मी दोनदा रस्सा घेतला.

फेब्रुवारीत मैत्रिणीने फोटो पाठवला, पिल्लांपैकी एकीचं पहिलं अंडं. पिवळ्या बल्बखाली काढलेला, रंग काही कळत नव्हता. मी तो मोठा करून आत्याला दाखवला. भाड्याच्या घराच्या गॅलरीत ती तांदूळ निवडत होती. तिने चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, "बसली काय?"