गॅलिसचा टांका

तीस वर्षें वर्गांत शब्दांचा व्यापार केलेल्या माणसास, अमुक एक गोष्ट शब्दांनीं कळत नाहीं, हें कबूल करणें जड जातें. आम्हांस तें गेल्या वर्षीं करावें लागलें.

निमित्त कन्येच्या बाळंतपणाचें. शस्त्रक्रियेनें मूल सुखरूप बाहेर काढलें. पण गर्भाशय आकसेना आणि रक्त थांबेना. दिवस भरले म्हणजे गर्भाशयाकडे दर मिनिटास सुमारें ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहतें. वार सुटल्यावर स्नायूंचे गुंफलेले तंतु आवळून रक्तवाहिन्यांचीं तोंडें मिटवितात. ते ढिले राहिले, तर बाळंतिणीचें आयुष्य घटकांवर येतें. औषधें व्यर्थ गेलीं, तेव्हां डॉक्टरीणबाईंनीं एक टांका घातला. मुलगी वांचली, गर्भाशयही राहिलें.

पुढें कुतूहलानें आम्हीं त्या टांक्याचें वर्णन वाचलें. इंग्लंडांत मिल्टन कीन्स येथें काम करणारे ख्रिस्तोफर बी-लिंच व त्यांचे सहकारी यांनीं तो १९९७ सालीं पांच रुग्णांच्या हकीकतींसह प्रसिद्ध केला. छेदाखालीं तीन सेंटिमीटरांवर सुई आंत, छेदाच्या वर तितक्याच अंतरावर बाहेर, दोरा माथ्यावरून पाठीमागें, तेथें आडवा, पुन्हा माथ्यावरून पुढें... तीनदां वाचलें, आणि दरवेळीं आम्ही पाठीमागेंच हरवलों!

बाईंना हें सांगतांच त्या हंसल्या. आमच्या हातांत पेपर तपासण्यासाठीं घेतलेली प्रश्नपत्रिका होती. तिच्या कोऱ्या पाठीवर त्यांनीं तीन आकृत्या काढल्या: समोरून, मागून, आणि दोरा ओढून गांठ मारल्यावर. "सर, विजारीचे गॅलिस पाहिलेत ना? तसेंच." क्षणांत सारें उलगडलें. विल्यम हंटरच्या १७७४ च्या ग्रंथांतील, यान व्हान रिम्सडाइकच्या हातचीं गर्भाशयाचीं चित्रें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांतील छायाप्रकाश अपूर्व. पण तीं दिवंगत गर्भवतींच्या देहांवरून काढलेलीं. या ओबडधोबड आकृत्यांत छाया मुळींच नव्हती. सुई कोठें जाते एवढेंच होतें, आणि घाईंत सापडलेल्या हातास तेवढेंच हवें असतें.

"मग चित्र पाहून कोणाही सर्जनला जमेल?" आम्हीं विचारलें.

"नाहीं हो. आधीं गर्भाशय दोन्ही हातांनीं दाबून पाहावयाचें; तेवढ्यानें रक्त थांबलें, तरच टांका उपयोगी. आणि दोरा किती ओढावा, तें कागदावर येत नाहीं." बोलतांना त्यांचीं बोटें आपोआप आवळलीं गेलीं.

तो कागद आमच्या सौभाग्यवतींनीं बाळाच्या जन्मटिपणाच्या घडींत ठेविला आहे. प्रश्नपत्रिका आम्हांस दुसरी मागवावी लागली.