नकाशावरचा बुरूज

संगणकावरच्या लढाईच्या खेळाबद्दल एक शिक्षिका लिहिते आहे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण तुमच्यापैकी कितीतरी जण असे खेळ खेळतात, हे मला ठाऊक आहे. मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात उभे राहिले की ऐकू येतेच, "मी नऊ मारले", "मी बारा मारले". सामना कोणी जिंकला, हे मात्र कोणी सांगत नाही. मुद्दाम विचारले तर उत्तर येते, "टीचर, सामना हरलो, पण मी बारा मारले!" या 'पण'विषयीच मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

माझा भाचा अकरावीत शिकतो. अभ्यास संपला की तो मित्रांबरोबर 'डोटा २' नावाचा खेळ खेळतो. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने हा खेळ २०१३ साली बाजारात आणला. त्याचे मूळ मात्र त्याहून जुने आहे. २००३ च्या सुमारास 'वॉरक्राफ्ट ३' या दुसऱ्याच एका खेळाच्या हौशी खेळाडूंनी त्या खेळासाठी एक नवा नकाशा तयार केला. तो नकाशा लोकांना इतका आवडला की पुढे त्याचाच एक स्वतंत्र खेळ झाला. म्हणजे या खेळाचा जन्मच मुळी एका नकाशातून झाला आहे. आणि गंमत अशी, की खेळणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्या नकाशाकडेच पाहत नाहीत.

तुम्ही तो नकाशा डोळ्यांसमोर आणा. तो चौकोनी आहे. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात एका संघाचा तळ आहे, उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात दुसऱ्या संघाचा. मधून तिरकी नदी वाहते. दोन्ही तळांना जोडणाऱ्या तीन वाटा आहेत आणि वाटांच्या मध्ये दाट जंगल आहे. प्रत्येक संघात पाच खेळाडू आणि प्रत्येक खेळाडूकडे एक वीर. शिवाय दर ३० सेकंदांनी दोन्ही तळांतून सैनिकांच्या तुकड्या आपोआप निघतात आणि तीनही वाटांनी चालू लागतात. प्रत्येक वाटेवर दोन्ही संघांचे तीन-तीन बुरूज आहेत, आणि तळाच्या आत आणखी दोन-दोन. असे प्रत्येक संघाचे अकरा बुरूज झाले. या सर्वांच्या मागे एक मोठी वास्तू असते. ती ज्या संघाची पडली, तो संघ हरला. जिंकण्या-हरण्याचा नियम एवढाच.

नकाशा, बुरूज, फौज, मैदान हे शब्द तुम्हांला परके नाहीत. घरी आपण नक्शा म्हणतो, मराठीत नकाशा म्हणतात. आपण बुर्ज म्हणतो, मराठीत बुरूज. 'उद्दिष्ट' हा शब्द मात्र जरा अवघड वाटेल. आपण ज्याला मकसद म्हणतो, तेच उद्दिष्ट. या खेळाच्या नकाशावरची उद्दिष्टे म्हणजे अशा जागा, की ज्या पाडल्याने किंवा ताब्यात घेतल्याने आपण समोरच्याच्या त्या शेवटच्या वास्तूपर्यंत पोहोचतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या खेळात मेलेला वीर पुन्हा जिवंत होतो. सुरुवातीला काही सेकंदांतच होतो. पुढे वीराची पातळी वाढली की त्याला मिनिटभर आणि त्याहूनही अधिक वेळ थांबावे लागते. पण होतो जिवंत. पडलेला बुरूज मात्र पुन्हा उभा राहत नाही. तळातल्या सैनिकांच्या छावण्याही एकदा पडल्या की कायमच्या पडल्या. छावण्या पाडणाऱ्या संघाचे सैनिक त्या वाटेवर त्यानंतर अधिक बळकट होऊन येतात, ते सामना संपेपर्यंत.

मग शत्रूच्या वीराला मारून मिळते तरी काय? थोडे सोने मिळते, थोडा अनुभव मिळतो. पण सर्वांत मोठी कमाई म्हणजे वेळ. समोरचे दोन वीर मेले, तर काही काळ पाचांसमोर तिघेच उरतात. तेवढ्या वेळात बुरूज पाडला, तर त्या दोन वीरांचे मरण कामी आले. पाडला नाही, तर ते दोघे ताजेतवाने होऊन परत येतात आणि सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते. फक्त तुमच्या नावापुढे दोनचा आकडा वाढलेला असतो.

एका संध्याकाळी भाचा रागाने लाल झालेला दिसला. सामना हरला होता आणि दोष चौघा मित्रांना देत होता. "खाला, माझे चौदा झाले होते, चौदा! सगळ्यांत जास्त!" मी विचारले, "त्यांचे बुरूज किती पडले?" त्याने सामन्याचा तक्ता पुन्हा उघडला आणि हळूच म्हणाला, "तीन." मी म्हटले, "आणि तुमचे?" त्याने काही न बोलता तक्ता बंद केला.

त्या सामन्यात काय घडले, ते सांगते. नकाशावर रोशन नावाचा एक अजस्र प्राणी गुहेत राहतो. (नाव आपल्या शेजारच्या रोशनसारखेच आहे, पण हा भलताच भयंकर आहे.) एकट्याने त्याच्याशी लढणे सोपे नसते, म्हणून बहुधा सारा संघ मिळून त्याला मारतो. तो मेला की एक जादूची ढाल मिळते. ती ज्याच्याकडे असेल तो वीर मेला, तर काही क्षणांत त्याच जागी पुन्हा उठतो. पण या ढालीची मुदत पाच मिनिटांची आहे. भाच्याच्या संघाने रोशनला मारले आणि ढाल भाच्याने घेतली. आता पाचांनी एकत्र येऊन मधल्या वाटेने थेट छावणीवर जायचे, हे उघड होते. तेवढ्यासाठीच तर ती ढाल असते. भाचा मात्र शत्रूच्या जंगलात एकेकट्या वीराच्या शिकारीला गेला. दोन शिकारी मिळाल्याही. पण पाच मिनिटे संपली, ढाल गेली, आणि समोरचे पाचही जण एकत्र होऊन याच्या तळावर आले.

शतरंजच्या पटावर असे होत नाही. तिथे समोरच्याची सगळी प्यादी मारली तरी बादशहाला मात दिल्याशिवाय डाव जिंकता येत नाही, हे लहान मुलालाही कळते. पट समोर असतो, बादशहा दिसत असतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र लढाईचा झगमगाट एवढा असतो, की शेवटची वास्तू कुठल्या कोपऱ्यात आहे याचा विसर पडतो. पडद्याच्या खालच्या बाजूला लहानसा नकाशा असतो खरा. चांगला खेळाडू दर थोड्या क्षणांनी तिकडे नजर टाकतो.

आणखी एक हिशेब तुम्हीच करून पाहा. अकरा बुरूज असले तरी सगळे पाडावे लागत नाहीत. एका वाटेवरचे तीन पाडले की आतल्या दोन बुरुजांची वाट मोकळी होते, आणि ते दोन पडले की शेवटची वास्तू उघडी पडते. म्हणजे अकरापैकी पाचच पुरे. पण ते क्रमाने पाडावे लागतात. पहिला उभा असताना दुसऱ्याला धक्काही लावता येत नाही. आज कोणती वाट धरायची, शत्रू कोणत्या वाटेवर कमी आहे, आपण या वाटेवर गेलो तर मागे आपला कोणता बुरूज उघडा पडेल, हे ठरवणे म्हणजे खरा खेळ. तलवार चालवणे त्यानंतर येते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २०१३ सालचे आहे. 'डोटा २'ची सर्वांत मोठी स्पर्धा 'द इंटरनॅशनल' त्या वर्षी अमेरिकेतील सिॲटल शहरात झाली. अंतिम फेरीत स्वीडनचा अलायन्स आणि युक्रेनचा नॅटस विन्सेरे हे संघ समोरासमोर होते. दोघांनी दोन-दोन सामने जिंकले होते. पाचव्या सामन्यात अलायन्सने समोरासमोरची लढाई शक्य तेवढी टाळली. शत्रू एका वाटेवर जमला, की यांचे वीर दुसऱ्या वाटेवर बुरूज पाडायला जात. त्यांच्याकडे असा एक वीर होता, जो नकाशावर कुठेही प्रकट होऊ शकतो. शेवटी वेळ अशी आली, की दोन्ही संघ एकमेकांच्या तळावर एकाच वेळी तुटून पडले. आपली वास्तू आधी पडेल हे दिसताच नॅटस विन्सेरेचे दोन वीर मंत्राच्या बळावर घरी परतू लागले. त्या मंत्राला काही क्षण लागतात. नेमक्या त्याच क्षणी अलायन्सच्या गुस्ताव मॅग्नुसन या खेळाडूने आपल्या वीराचे जाळे टाकून दोघांचाही मंत्र मोडला. घरी पोहोचायला कोणी उरले नाही आणि अलायन्सने वास्तू पाडली. बक्षिसाची रक्कम १४ लाख डॉलरहून अधिक होती. त्या जाळ्याची आठवण खेळाडू अजून काढतात. पण पाहा, ते जाळे कोणाला मारण्यासाठी टाकले नव्हते. दोघांना काही क्षण घरापासून लांब ठेवायचे, एवढेच त्याचे काम होते.

भारतही या खेळात मागे नाही. २०२२ साली बर्मिंगहॅम येथे झालेल्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत आपल्या संघाने न्यूझीलंडला हरवून 'डोटा २'मध्ये कांस्यपदक मिळवले. मोईन एजाज हे त्या संघाचे कर्णधार होते. मात्र हे वाचून पुस्तके बाजूला ठेवू नका. एक सामना पाऊण तास चालू शकतो, आणि मध्येच उठून गेलात तर उरलेले चौघे अडचणीत येतात. जेवणाची हाक येण्याच्या वेळी सामना सुरू करणाऱ्या मुलाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.

आता भाच्याच्या एका मित्राबद्दल सांगते. आमचे गाव यंत्रमागांचे. हा मुलगा वडिलांबरोबर मागावर काम करतो आणि कॉलेजातही जातो. शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून खेळायला तो शुक्रवारीच येई. संघात त्याचे काम पहाऱ्याचे. नकाशावर जिथे आपले कोणी नाही तिथे धुके असते, शत्रू दिसत नाही. अशा जागी एक लहानशी खूण रोवता येते. तिला 'वॉर्ड' म्हणतात. ती काही मिनिटे जिवंत राहते आणि आसपासचे सारे दाखवते. ही खूण रोवायला शत्रूच्या जंगलात शिरावे लागते, आणि रोवणारा वीर बहुधा दुबळा असतो. त्यामुळे हा मुलगा वारंवार मरे. मारी कोणालाच नाही. तक्त्यात त्याच्या नावापुढे शून्य.

एका शुक्रवारी बाकीच्यांनी त्या शून्यावरून त्याची थट्टा केली. कोणीतरी म्हणाले, "तू नसतास तरी चालले असते." तो हसला, चहा पिऊन गेला आणि पुढचे तीन शुक्रवार आला नाही. त्याच्या जागी दुसरा मुलगा घेतला. तो मारण्यात पटाईत होता. आता पाचही जण मारणारेच झाले आणि धुक्यात पाहणारा कोणी उरला नाही.

या खेळात झालेला सामना पुन्हा पाहता येतो. मी भाच्याला म्हटले, "तुम्ही जिंकलेला एखादा जुना सामना लाव. तुझ्या वीराकडे पाहू नकोस, नकाशाकडे पाहा." आम्ही दोघांनी तासभर पाहिले. रोशनच्या गुहेजवळ नदीच्या वर एक खूण होती. शत्रूचे पाचही जण तिकडे येताना त्या खुणेमुळे आधीच दिसले. भाचा आणि त्याचे साथीदार लढायला न थांबता खालच्या वाटेने गेले. शत्रू गुहेत गुंतला होता, तेवढ्यात यांनी दोन बुरूज पाडले. ती खूण रोवताना तो मित्र मेला होता. भाच्याने ती जागा तीनदा मागे नेऊन पाहिली. नंतर मला म्हणाला, "खाला, याने हे कधी सांगितलेच नाही." मी म्हटले, "तुम्ही विचारले होते का?"

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी भाचा मागाच्या कारखान्यावर गेला. तिथे दोघांत काय बोलणे झाले, ते त्याने मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

हल्ली तो मित्र शुक्रवारी येतो, पण दर शुक्रवारी नाही. मागावर जादा काम असले की राहून जाते. तक्त्यात त्याच्या नावापुढे अजूनही बहुतेक वेळा शून्यच असते, फार तर एक. सामना सुरू होताना बाकीचे चौघे त्यालाच विचारतात, "आज कोणती वाट?" तो पडद्यावरच्या त्या लहान नकाशावर बोट ठेवतो आणि क्षणभर गप्प राहून पाहत राहतो.