२६ जून : एक तारीख, दोन जयंत्या

शाळेत असताना फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. २६ जूनला तिथे दोन नावे येत. राजर्षी शाहू महाराज, जन्म १८७४. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व, जन्म १८८८. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, हे दोघे एकमेकांना ओळखत होते का?"

प्रश्न साधा, पण फार मोलाचा. कारण आपण ही नावे एकाखाली एक लिहितो आणि पुसून टाकतो.

तर हो, ओळखत होते! नारायणाचा गळा गोड, पण कानाचे दुखणे होते. ज्याला नीट ऐकू येत नाही तो गाणार कसा? शाहू महाराजांनी त्याच्यावर मिरजेला उपचार करवले. पुढे १९०५ मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला, शकुंतला झाला आणि महाराष्ट्राला वेड लावले. 'बालगंधर्व' हे नाव लोकमान्यांनी दिले, हे सर्वांना ठाऊक असते. कानाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

याच महाराजांनी १९०२ साली संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधले आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभारले. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले, तेव्हा मला घरातलेच कुणी गेल्यासारखे वाटले. केशवरावांचा जन्मदिवस दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला होता.

आता दुसरी बाजू पाहा. प्रभातचा 'धर्मात्मा' हा १९३५ चा चित्रपट. त्यात बालगंधर्व संत एकनाथ झाले होते. शिवाशिव झुगारून अस्पृश्यांच्या घरी जेवणारा एकनाथ! आयुष्यभर भरजरी शालू नेसून रंगभूमीवर उभा राहिलेला हा नट पडद्यावर पुरुषवेषात आला तो या भूमिकेत. तेव्हा महाराज हयात नव्हते. ते १९२२ सालीच गेले. असते तर त्यांना आनंदच झाला असता, असे आपले मला वाटते.

आज २६ जूनला आपल्याकडे सामाजिक न्याय दिन साजरा होतो. मिरवणुका निघतात, भाषणे होतात. त्याच संध्याकाळी कुठेतरी नाट्यसंगीताची मैफल असते. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिरही १९६८ साली याच तारखेला सुरू झाले. पण या सभेतली माणसे त्या मैफलीत दिसत नाहीत आणि त्या मैफलीतली या सभेत. एकाच्या वाट्याला न्याय, दुसऱ्याच्या वाट्याला सूर, अशी वाटणी आपण कधी केली कोण जाणे. महाराजांनी तर ती केली नव्हती. त्यांना पोटाची भूक कळत होती आणि कानाचीही.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले, की एकाने दुसऱ्याचे कान बरे करवले, म्हणून आपल्याला गाणे ऐकायला मिळाले. तिने ते वहीत लिहून घेतले. आता तिची स्वतःची मुले शाळेत जात असतील.

यंदा २६ जूनला घरात लहान मूल असेल, तर त्याला दोन्ही नावे एकत्र सांगा. वेगवेगळी नकोत.