आईच्या चौकटीतली मोठी मुलं

ऑगस्ट २००८ मध्ये जवळपास दोन हजार वृत्तपत्रांत एकच लग्न लागलं. नवरी एलिझाबेथ पॅटरसन, पेशाने शिक्षिका. नवरा अँथनी केन, तिचा शाळेपासूनचा मित्र. घटस्फोटित, पदरी एक लहान मुलगी. लग्न शाईतलं, कागदावरचं. पण कॅनडा-अमेरिकेतल्या कित्येक घरांनी या नवरीला बोबडं बोलताना पाहिलं होतं. त्यामुळे मांडवात पाहुणे भरपूर आणि रुसलेले पाहुणेही भरपूर. पोरीच्या गळ्यात हे लोढणं बांधलं कुणी, असा त्यांचा सवाल होता. ‘लेखिकेने’ हे उत्तर सोपं आहे. मालिका पहिल्यापासून वाचली की दुसरं उत्तर दिसतं: हे स्थळ आईने पाहिलेलं आहे.

लिन जॉन्स्टन यांची ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’ ही चित्रमालिका ९ सप्टेंबर १९७९ रोजी सुरू झाली. तेव्हा त्या कॅनडातल्या मॅनिटोबाच्या उत्तर भागात लिन लेक या खाणीच्या गावात राहत होत्या. नवरा दंतवैद्य, मुलं दोन. मालिकेतल्या एली पॅटरसनचा नवरा जॉन हाही दंतवैद्य, आणि मायकेल-एलिझाबेथ ही नावं जॉन्स्टन यांच्या मुलांच्या मधल्या नावांवरून उचललेली. शिजवलेलं कुणी खात नाही, आवरलेलं घर तासाभरात पसरतं, नवऱ्याला यातलं काही दिसत नाही, हे सगळं एका बाईने आतून सांगितलं. १९८५ सालचा रूबेन पुरस्कार जॉन्स्टन यांना मिळाला. अमेरिकी व्यंगचित्रकारांचा हा मानाचा पुरस्कार तोवर एकाही स्त्रीला मिळाला नव्हता.

वृत्तपत्री चित्रमालिकांत घड्याळ बंद ठेवण्याचा रिवाज आहे. ‘ब्लाँडी’तली अलेक्झांडर आणि कुकी ही भावंडं किशोरवयापर्यंत वाढली आणि तिथेच थबकली. ‘झिट्स’मधला जेरेमी १९९७ पासून मिसरूड फुटण्याच्या वयात अडकून आहे. आपला चिंटू नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये आला. त्याच वर्षी १ एप्रिलला पॅटरसनांकडे तिसरं अपत्य जन्मलं, एप्रिल नावाचंच. २००८ साली ती सतरा वर्षांची होती, चिंटू मात्र शाळकरी तो शाळकरीच. घड्याळ बंद ठेवण्याची सोय उघड आहे. मूल मोठंच झालं नाही, तर आईबापांना त्याच्याशी मोठ्या माणसासारखं वागण्याची वेळ येत नाही.

जॉन्स्टन यांनी ती सोय नाकारली. असं करणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. फ्रँक किंग यांच्या ‘गॅसोलीन अ‍ॅली’त १९२१ साली वॉल्टच्या दारात सोडलेलं बाळ पुढे वाढलं, लढाईवर गेलं, लग्न करून संसाराला लागलं. पण तिथला वॉल्ट बापपणात अपघाताने पडलेला माणूस. पॅटरसनांची गोष्ट सुरुवातीपासून आईच्या डोळ्यांनी पाहिलेली. मुलं लहान असताना ते बळ ठरलं. ती मोठी झाली तशी पंचाईत झाली, कारण पाहणारे डोळे तिथेच राहिले.

जॉन्स्टन यांना मोठी मुलं आणि आईबाप यांचं नातं रेखाटता येत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. १९९३ सालचं लॉरेन्सचं प्रकरण पाहा. मायकेलचा हा शेजारी मित्र सतरा वर्षांचा असताना आपण समलिंगी असल्याचं आधी मायकेलला आणि मग घरी सांगतो. आई कॉनी ते मानायलाच तयार नाही. सावत्र बाप ग्रेग त्याला घराबाहेर काढतो. मग रात्री आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही, मायकेल त्याला शोधायला निघतो, पोरगा परत येतो, बाप नमतं घेतो. अनेक वृत्तपत्रांनी हा भाग छापला नाही, काहींनी मालिकाच बंद केली. पुढच्या वर्षी पुलित्झरच्या अंतिम यादीत जॉन्स्टन यांचं नाव होतं. या प्रकरणातली ताकद एका साध्या गोष्टीत आहे: चुकतात ते आईबाप, आणि चूक दुरुस्त करायची जबाबदारीही त्यांचीच राहते. लॉरेन्स काही शिकून शहाणा होत नाही, त्याला व्हायचंच नसतं. पण कॉनी-ग्रेग शेजारचे. एली-जॉनवर हा प्रसंग कधी आला नाही.

घरच्या मुलांचं काय झालं? मायकेल पत्रकार झाला, मग लेखक. बायको डिअ‍ॅना औषधनिर्माती. दोन मुलं, भाड्याचं घर. तिथे आग लागली तेव्हा हे महाशय लॅपटॉपमधली कादंबरी वाचवायला आत धावले, आणि मालिकेने त्यांना त्याबद्दल फारसं फटकारलं नाही. बिऱ्हाड आईबापांकडे आलं, घरात दाटी झाली, एप्रिल कुरकुरली. शेवटी मायकेलने ते घरच विकत घेतलं आणि एली-जॉन जवळच्या लहान घरात गेले. मराठी वाचकाला यात काही वावगं वाटणार नाही. मुलगा बापाच्या घरात राहणार नाही तर कुठे राहणार? पण पॅटरसन ज्या समाजातले, तिथे अठराव्या वर्षी घर सोडणं ही मोठं होण्याची खूण. तिथे हा शेवट म्हणजे मुलगा फिरून आपल्या लहानपणच्या खोलीत आला, आणि मालिकेच्या लेखी हेच त्याचं यश. सप्टेंबर २००७ पासून तर तो लेकीला आपल्या लहानपणच्या हकिगती सांगत बसतो आणि त्या निमित्ताने जुन्या पट्ट्या पुन्हा छापल्या जातात. तिशीतल्या या बापाला स्वतःची गोष्टच उरलेली नाही, तो आईच्या गोष्टीचा निवेदक झाला आहे.

डिअ‍ॅनाची आई मीरा सोबिन्स्की हे पात्र इथे उपयोगी पडतं. मीरा लेकीच्या लग्नाचा मोठा घाट घालते, न मागता सल्ले देते, नको त्या वेळी हजर होते. तिच्या धाकाने डिअ‍ॅना-मायकेल आधी गुपचूप लग्न उरकतात आणि मग सगळ्यांसमोर पुन्हा एकदा लग्नाला उभे राहतात. मीराचं नाक खुपसणं ही ढवळाढवळ, एलीचं नाक खुपसणं ही माया. दोघींचे सल्ले शेजारी ठेवले तर फरक निवडणं अवघड आहे. फरक एवढाच की चौकट एलीच्या बाजूने आखलेली आहे.

याचं तंत्रही पाहण्यासारखं आहे. रोजच्या पट्टीला साधारण चार चौकटी. पहिल्या तीनमध्ये कुरबुर चढत जाते: मुलगी हात उडवते, आईचा अंबाडा सुटू लागतो, फुग्यातली अक्षरं जाड होतात. चौथ्या चौकटीत शब्दावरची कोटी येते, कुणीतरी मिश्कील हसतं किंवा डोळे फिरवतं. मुलगी सहा वर्षांची असताना या कोटीने आईला श्वास घ्यायला जागा मिळे. ती सव्वीस वर्षांची झाल्यावर तीच कोटी तिची तक्रार गिळून टाकते. मुलीचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हे ठरायच्या आत पट्टी संपते. उद्या नवा विषय.

एलिझाबेथ आधी दूर गेली होती, हे विसरू नये. ती नॉर्थ बेला शिकली आणि शिक्षिका म्हणून उत्तरेतल्या म्टिग्वाकी या काल्पनिक ओजिब्वे वस्तीत गेली. जॉन्स्टन यांनी त्या समाजातल्या लोकांची मदत घेऊन ही वस्ती उभी केली, त्यांची भाषा, त्यांचे सोहळे आणले. माझ्या मते एलिझाबेथला स्वतःचा चेहरा इथेच मिळाला. तिथला पोलीस शिपाई पॉल राईट तिच्या आयुष्यात आला. तिने मिलबरोला, आपल्या घरच्या गावी, परतायचं ठरवलं तेव्हा तोही तिकडे बदली मागत होता. मग एकाएकी पॉल दुसऱ्या मुलीसोबत दिसला आणि वाट मोकळी झाली.

वाट अँथनीसाठी. २००४ च्या उन्हाळ्यात एलिझाबेथवर तिच्या कामाच्या ठिकाणचा एक जण हात टाकतो. अँथनी तिला सोडवतो. ती अजून थरथरते आहे, आणि हा विवाहित माणूस तिथल्या तिथे स्वतःचा मोडका संसार तिच्यापुढे मांडतो, थांबशील का म्हणून विचारतो. हा प्रसंग पुन्हा पाहिला तरी अंगावर येतो. मालिका मात्र त्याच्याकडे प्रणयाची पायरी म्हणून पाहते. अँथनीची बायको थेरेझ हिला मूल नको होतं, काम हवं होतं. म्हणून ती रेषेतही कोरडी, ताठ. दोष तिच्या माथी गेला आणि अँथनी घरच्यांच्या पसंतीला उतरला. एलिझाबेथने अमुक एका दिवशी अमुक कारणाने त्याला निवडलं, असं दाखवणारी पट्टी शोधून सापडत नाही. आईच्या नजरेतून पाहिलं तर ती लागतही नाही. मुलगा माहितीतला, घर दहा मिनिटांवर, आणखी काय हवं?

आणि तरीही या मालिकेतलं प्रौढ अपत्य आणि आईबाप यांचं सर्वांत खरं चित्र एलीच्याच घरात आहे. तिथे एली आई नाही, मुलगी आहे. तिची आई मॅरियन १९९८ साली वारली. वडील जिम व्हँकुव्हर सोडून लेकीकडे राहायला आले, पुढे वेगळं बिऱ्हाड केलं, आयरिसशी लग्न केलं. २००६ मध्ये जिमला पक्षाघात झाला आणि वाचा गेली. जॉन्स्टन यांनी इथे चित्रभाषेतली सर्वांत साधी सोय अशी वापरली की वाचक हलतो. जिमच्या बोलण्याच्या फुग्यात एखादाच शब्द, तोही भलताच. विचारांच्या फुग्यात मात्र पूर्ण, खोचक, शाबूत वाक्यं. समोरचा माणूस पहिला फुगा ऐकतो, वाचक दुसराही वाचतो. आयरिस रोज त्याचं सगळं करते. एली येते, धावतपळत येते, परत जाते. कोटी करून सुटता येत नाही, कारण कोटी करायला लागणारे शब्दच जिमकडे नाहीत. लेक कुठे कमी पडली ते दिसतं, आणि तिला कुणी शाबासकी देत नाही.

जिमच्या पट्ट्यांत एलीचं म्हणणं अखेरचं नाही, म्हणून त्या टिकतात. हीच मोकळीक जॉन्स्टन यांनी एलिझाबेथला किंवा एप्रिलला दिली नाही. त्या स्वतः लेक म्हणून जे पाहू शकल्या, ते आई म्हणून पाहताना हात आखडला. त्याला कारणंही असतील. ज्यांच्या नावांवरून पात्रं उभी केली ती खरी मुलं वर्तमानपत्र वाचत होती. २००७ मध्ये जॉन्स्टन यांचा स्वतःचा संसार मोडला, मालिकेतले एली-जॉन मात्र एकत्रच राहिले. कुणाचं खाजगी आयुष्य हा टीकेचा पुरावा होत नाही, तरी त्या सुमारास घरकुलावर चढलेला साखरेचा थर डोळ्यांत भरतो.

३१ ऑगस्ट २००८ च्या रविवारच्या पानावर नव्या गोष्टीचा शेवट झाला. तिथे प्रत्येकाचं पुढे काय झालं ते सांगितलं आहे. एलिझाबेथला मुलगा होतो, नाव जेम्स अ‍ॅलन, आणि जिम हा पणतू पाहून मग जातो. एप्रिल पशुवैद्यक होते आणि पश्चिमेला कॅलगरीला जाते, म्हणजे घरापासून हजारो किलोमीटर. चाळिशीच्या उंबरठ्यावर आईला झालेली, तिघांत सर्वांत जास्त भांडलेली हीच एक मुलगी घराबाहेर पडली. तिचं तिथलं काम कसं होतं, घर कसं होतं, महिन्यातून किती वेळा ती आईला फोन करत होती, याची एकही पट्टी निघाली नाही. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मालिका १९७९ मध्ये परत गेली आणि एप्रिलचा अजून जन्मही झाला नव्हता.