मैदान आणि भोजनगृह

या स्मरणिकेत आम्ही इतिहासावर लिहावे, अशी अनेकांची अपेक्षा असेल. परंतु या वेळी आम्ही भोजनगृहाविषयी लिहीत आहोत. त्यामागे आमच्या हातून घडलेली एक चूक आहे आणि ती आपणा सर्वांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी वसतिगृहाची जबाबदारी आमच्याकडे होती. नववीतील एक विद्यार्थिनी लांब पल्ल्याची उत्तम धावपटू होती. जिल्हास्तरीय स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस तिची नडगी दुखत होती. आम्ही तिला वेदनाशामक गोळ्या देत राहिलो. ती धावली, तिसरी आली. शाळेने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मात्र तिला नीट चालताही येईना. तपासणीत हाडाला बारीक तडा गेल्याचे आढळले. गोळ्यांविषयी ऐकताच डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिले आणि आमची मान खाली गेली. मग त्यांनी विचारले, "ही मुलगी खाते काय?" पहाटे रिकाम्या पोटी सराव, नंतर चहा-बटर, दुपारी भात व पातळ वरण, सायंकाळी फरसाण. याहून अधिक सांगण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले. व्यायामाने स्नायूंना सूक्ष्म इजा होते, तेथे दाह निर्माण होतो आणि त्यातूनच शरीर दुरुस्ती करीत अधिक बळकट होते. म्हणजे दाह हा सर्वस्वी शत्रू नव्हे. तो पूर्णपणे दाबून टाकणेही हिताचे नाही. क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी सरावाचा काही लाभ कमी होऊ शकतो, असे संशोधकांना आढळले आहे. घातक असतो तो वर्षानुवर्षे मंद धुमसत राहणारा दाह. मधुमेह व हृदयविकार यांच्याशी त्याचे नाते आहे. पालेभाज्या, डाळी, फळे, अख्खी धान्ये, शेंगदाणे, जवस, मासळी यांवर भर आणि साखर, मैदा, तळण यांना आवर, हाच दाहशामक आहार. त्याने सरावानंतरचे दुखणे काहीसे हलके होऊ शकते. पदक मिळेल असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. हळदीचेही तसेच. तिच्यातील कर्क्युमिन रक्तात फार थोडे शोषले जाते. जोडीला मिरी असेल तर अधिक. शिवाय वाढत्या वयातील खेळाडूला सर्वांत आधी पोटभर अन्न हवे. कमी खाऊन अधिक धावणाऱ्या मुलींची पाळी बिघडते, हाडे ठिसूळ होतात. आमच्या विद्यार्थिनीची खरी उणीव हीच होती.

आम्ही ताट बदलले. ज्वारीची भाकरी, घट्ट डाळ, अंबाडी-मेथीची भाजी, जवसाची चटणी, अंडे, आठवड्यातून एकदा मासळी. पहाटेच्या सरावाआधी केळे किंवा गूळ-शेंगदाणे. स्वयंपाकघरातील मावशी हसून म्हणाल्या, "सर, यात नवीन ते काय? माझी आजी हेच वाढायची." एका पालकांना मात्र ते रुचले नाही. ते म्हणाले, "भाकरी-चटणीतून बाहेर पडावं म्हणूनच पोराला इथं घातलं ना?"

हा प्रश्न आम्हाला हसण्यावारी नेता आला नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. आपल्या समाजासाठी अन्न हा प्रथम स्वाभिमानाचा प्रश्न होता. उपासमारीला आम्ही कधीही आरोग्यदायी परंपरा म्हणणार नाही. परंतु ज्या भाकरीत लाचारी नाही, ती स्वतः निवडून खाण्यात कमीपणा कसला? पांढरा भात आणि मैद्याचे पदार्थ म्हणजे प्रगती, हे समीकरण आता तपासून पाहावे लागेल. स्वतः बाबासाहेब मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी जर्जर झाले होते; वयाच्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. आज आपल्या घराघरांत मधुमेह आहे.

संयुत्तनिकायात कोसलराजा पसेनदीची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही, मात्रा ओळखायला सांगितले. राजाने हळूहळू आहार कमी केला आणि तो सडपातळ झाला. मात्रा ओळखणे म्हणजे केवळ कमी खाणे नव्हे. राजाला कमी करावे लागले. आमच्या विद्यार्थिनीला वाढवावे लागले. मध्यम मार्ग तो हाच.

पुढील वर्षी ती पुन्हा धावली. पदक मिळाले नाही, पण नडगी दुखली नाही. आता सरावाआधी प्रत्येकाला कोठे दुखते का, असे विचारले जाते आणि उत्तर 'हो' असेल तर त्या दिवशी धावणे नाही.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. १४ एप्रिलला आपण शाळेत प्रेमाने मिठाईचे खोके आणता. यंदा त्यांच्याऐवजी शेंगदाण्याचे एक पोते आणावे. मुले तक्रार करतील. ती आम्ही ऐकून घेऊ.

जय भीम!