वावर, थर, मग नाव

जीवाश्म ओळखायला मला प्राध्यापकांनी शिकवलं, पण जीवाश्माशी इमानानं वागायला शिकवलं ते आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचर काकांनी.

त्यांनी माझ्या हातावर ठेवलेला पहिला दात जबलपूरकडच्या लमेटा थरातला होता. अंगठ्याच्या पेराएवढा, चपटा. पुढची कड वळलेली, मागची जवळजवळ सरळ, आणि तिच्यावरून नख फिरवलं की बारीक दाते खरखरायचे. प्राणी मांसाहारी, हे उघडच होतं. मी नाव विचारलं. काका म्हणाले, "कोन्या वावरातला, कोन्या थरातला, थे आधी लिव्ह पोरी. नाव मंग पाहू."

सुईनं माती कोरताना गळलेला कणन् कण ते त्याच डबीत ठेवत. चिठ्ठी झाकणावर चिकटवू देत नसत, डबीच्या आतच टाकायला लावत. झाकणं अदलाबदल होतात. विदर्भातल्या पिजदुऱ्याच्या शेतांत आम्ही कासवांच्या पाठीचे तुकडे आणि दगड झालेली विष्ठा वेचायचो, तेव्हाही बांध ओलांडला की पिशवी बदलायची.

ही शिस्त किती मोलाची, ते पुढे वाचताना कळत गेलं. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवरची हाडं आणि चिलखती खवले एकत्र धरून भूशास्त्रज्ञ मॅटलीनं 'लमेटासॉरस' हा चिलखती डायनासोर उभा केला. त्यातली कंबरेची आणि तंगडीची हाडं नंतर मांसाहारी डायनासोरची ठरली. मादागास्करमध्ये तर कवटीचा एक जाड घुमट सापडला आणि 1979 मध्ये तो घुमटडोक्याच्या शाकाहारी डायनासोरचा मानला गेला. उत्तरेकडच्या त्या कुळाचा प्रदेश नकाशावर एकदम दक्षिणेत आला. 1996 मध्ये जवळजवळ अख्खी कवटी मिळाली आणि घुमट निघाला माजुंगासॉरसचा, म्हणजे शिकाऱ्याचा. एका तुकड्याची ओळख बदलली आणि एका कुळाचा दक्षिणेतला मुक्काम पुसला गेला.

आपल्याकडच्या इंडोसुकस आणि इंडोसॉरस यांना 1933 मध्ये नावं मिळाली ती कवटीच्या मोजक्या तुकड्यांवर. त्यांचं खरं गोत कळलं ते 1985 मध्ये अर्जेंटिनातल्या अबेलिसॉरसचं वर्णन झाल्यानंतर. हिंदुस्थान आणि मादागास्कर सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी अलग झाले, तरी दोन्हीकडे हे अबेलिसॉरिड कूळच राज्य करत राहिलं; माजुंगासॉरसही त्यातलाच.

गुजरातेतल्या रहियोलीची गोष्ट मी काकांना मुद्दाम घरी जाऊन सांगितली. तेव्हा ते निवृत्त झाले होते. 1982 ते 1984 या काळात तिथं हाडं निघाली आणि भूशास्त्रज्ञ सुरेश श्रीवास्तव यांनी कुठलं हाड कुठं पडलं होतं याचा नकाशा काढून ठेवला. हाडांची संगती लावताना पुढे तो नकाशा कामी आला आणि 2003 मध्ये 'राजासॉरस नर्मदेंसिस' जाहीर झाला. त्याच्या कपाळावरच्या शिंगाचं मी रंगवून सांगत होते. काकांनी मधेच थांबवून विचारलं, "नकाशा कागदावरच व्हता ना? इतके साल कोनं सांभाळला?"

जबलपूरचा तो दात आता माझ्या ताब्यात आहे. इंडोसुकस, इंडोसॉरस की राजासॉरस, हे एका सुट्या दातावरून ठरत नाही. विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी डबी उघडून आधी चिठ्ठी वाचायला देते. गाव, टेकडी, थर, हे सगळं काकांच्या अक्षरात आहे. खाली मी एवढंच लिहिलंय: अबेलिसॉरिड, प्रजाती अनिश्चित.