मोंबासाची गाडी

परक्या मुलखात उतरलेला माणूस आधी ओळखीचे शब्द शोधतो. मोंबासाला मला ते पहिल्याच दिवशी भेटले. स्वाहिलीत मोटारीला ‘गारी’ म्हणतात, विम्याला ‘बिमा’, दुकानाला ‘दुका’ आणि लाखाला ‘लाकी’! हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशी चाललेल्या जुन्या व्यापाराच्या या खुणा. वाटले, इथे गाडी घेणे म्हणजे घरचाच व्यवहार.

2018 सालच्या मे महिन्याच्या सुटीत मी धाकट्या भावाकडे गेलो होतो. मोंबासा हे बेट. दक्षिणेकडे जायचे तर लिकोनीची फेरीबोट. भावाचे बिऱ्हाड पलीकडे, दवाखाना अलीकडे, आणि भावजयीला सातवा महिना लागलेला. रात्री-अपरात्री कुणाच्या दारात उभे राहायचे? गाडी घ्यायचे ठरले.

तिकडच्या बहुतेक गाड्या जपानात वापरून झालेल्या. जहाजाने त्या किलिंदिनी बंदरात उतरतात. आठ वर्षांहून जुनी गाडी देशात आणू देत नाहीत. रस्त्याची डावी बाजू आणि उजवीकडचे चाक आपल्यासारखेच. फक्त रेडिओ जपानी! जपानची एफ. एम. केंद्रे खालच्या पट्ट्यात असल्याने त्यावर तिथली बहुतेक केंद्रे लागतच नाहीत.

आम्हाला एक रुपेरी गाडी पसंत पडली. किंमत सहा ‘लाकी’ शिलिंग, म्हणजे भावाची तीन वर्षांची शिल्लक. विकणारा गृहस्थ मोठा गोड बोलत होता. लॉगबुकावर नावही त्याचेच होते. भाऊ म्हणाला, “दादा, आता आणखी काय पाहायचे?”

मी म्हटले, “एखाद्या जाणत्याला दाखवू या.”

उघड्यावर काम करणाऱ्या कारागिरांना तिकडे ‘जुआ काली’ म्हणतात. म्हणजे कडक ऊन. तशाच एका पत्र्याच्या आडोशाला एक वृद्ध ‘फुंदी’, म्हणजे मिस्त्री, बसत असे. सगळे त्याला आदराने ‘म्झे’ म्हणत. तपासणीचे पाचशे शिलिंग ठरले. त्याने आधी टोपणावर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री केली आणि मगच ते सुरू करायला लावले. मग खिशातून लोहचुंबक काढून दारांवरून फिरवले. खालच्या कडेला ते चिकटेना. तिथे पत्रा नव्हताच, होते ते पुटीन आणि वर रंग! मागची सतरंजी उचलली, स्टेपनी काढली. खाली तांबूस गंजाचा चुरा, बोटाने दाबला तर भोक पडेल असा.

म्झे म्हणाला, “जपानच्या उत्तरेत बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. ते ही घेऊन आली. इथे समुद्राचे मिळाले. बाईला घेऊन या गाडीत बसू नका.”

सौदा झाला असता तर विकणारा म्झेलाही काही देणार होता, हे आम्हाला मागाहून कळले. भावाने हजाराची नोट पुढे केली. म्झेने पाचशे परत दिले.

पुढे जूनमध्ये म्झेनेच दुसरी गाडी सुचवली. रंग उडालेला, एका अंगाला पोचा आलेला. पण खालून लख्ख. मी तोवर पुण्याला परतलो होतो. फोटो पाहून मी म्हटले, “अरे, हिला चारचौघांत कशी उभी करणार?” भावाने माझे ऐकले नाही, हे बरे झाले.

जुलैच्या अखेरीस एका रात्री दोन वाजता ती गाडी मुसळधार पावसात पहिल्या किल्लीला सुरू झाली, फेरीवर चढली आणि वेळेत दवाखान्यात पोचली. मुलगी झाली.

आठवड्याने भावाचा फोन आला. “दादा, म्झेला पेढे देऊन आलो.”

“काय म्हणाला?”

“पेढा तोंडात टाकला आणि पहिला प्रश्न केला, गाडीचे तेल पाहिलेस का?”